तीन एक्के आणि एक कूलर

कूलर मी आणला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात ते कुणाच्याच ध्यानात न्हाई. नेमकं त्याच दिवशी सासूबाई, म्हणजे धुरपताबाई, हट्ट्याहून आमच्याकडं कुरुंद्याला उन्हाळा काढायला आल्या. कूलर त्यांच्या बाजेकडं तोंड करून लागला अन् मी पत्र्याखाली घामाघूम.

म्हणून म्हणलं, तीन पत्ती खेळू, जो जिंकंल त्याचा कूलर. (गणपतीच्या जागरणाला हट्ट्यातले गडीसुद्धा सासूबाईंसमोर पत्त्याला बसत न्हाईत म्हणे. हे कोमलनं, माझ्या बायकोनं, आधी सांगायला नको होतं?)

पैशाच्या जागी हळकुंडं. चहा होईपर्यंत खेळायचं, ज्याच्याकडं जास्त त्याचा कूलर. कोमलनं चहा ठेवला तोवर माझ्याकडं मूठभर हळकुंडं उरली होती अन् त्यांच्यापुढं ढीग. तेवढ्यात मला तीन एक्के आले. याच्यावर पानच न्हाई.

आता, भारी पान आलं की एकदम भाव वाढवायचा नसतो, समोरचा पळतो. तोंड पाडायचं अन् हळूहळू ओढायचं. हे मी मोबाईलवर बघून शिकलो. मी दोनच हळकुंडं सरकवली अन् मोठा उसासा सोडला.

"काहून हो, पोटात दुखून राहिलं का?" आतून कोमल. "ओवा देऊ?"

"तू गप बस," मी खेकसलो अन् सासूबाईंकडं वळलो. "आई, माझं काय खरं न्हाई आता. तुमी खेळा, आई. पाठीला उशी देऊ का, आई?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. स्वतःची पानं उचललीसुद्धा नव्हती.

"पॅक," म्हणाल्या अन् पानं तशीच पालथी सरकवून डाव सोडला.

"अहो, पण पानं तरी बघा!"

"कशाला?"

तीन एक्के, अन् कमाई त्यांनी डावाच्या सुरुवातीला टाकलेलं बोटाएवढं एक हळकुंड. संताप संताप झाला. मी पानं उताणी आपटली. "हे बघा. अशा पानासमोर कुणी पळून जातं का? एक तरी चाल खेळायची होती. ही काय रीत झाली?"

तेवढ्यात चहा आला. ढीग तिकडंच, कूलरही तिकडंच.

"पण तुमाला कळलं कसं?" मी रागातच विचारलं.

सासूबाईंनी बशीत चहा ओतला, कूलरच्या वाऱ्यानं तो निवू दिला.

"लगीन झाल्यापासून तुमी मला नुसतं 'अहो' म्हणता, जावईबापू. आज एका दमात तीनदा आई म्हणलात. म्हणलं, एक्केच असतील."