बाही बघणारे खंडागळे

आमच्या घरात बर्फ ही कधीच मजेची वस्तू नव्हती. बंदरावरच्या कारखान्यातून फोडलेला बर्फ घमेल्यात भरायचा आणि डोक्यावरून होड्यांपर्यंत न्यायचा, हे आईने बावीस वर्षं केलं. पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. त्या घमेल्यांवर मी बी.कॉम. झाले, घरातली पहिली. आणि नोकरी लागली ती दुबईतल्या एका मॉलच्या बर्फाच्या डोंगरावर. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे दोन, आणि तिकीट खिडकीत मी.

या डोंगरावरून लोक मजेने घसरत खाली येतात. वर जायला लिफ्ट आहे, आणि लिफ्टच्या दाराशी खंडागळे. लातूरकडचे, पन्नाशीचे, नववी नापास. ते कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत. बाहीकडे बघतात.

त्याचं कारण आहे. पास जॅकेटच्या चेनला अडकवलेला असतो. चार मित्र येतात, पास दोनच काढतात. दोघं खेळून दमले की जॅकेटसकट पास उरलेल्या दोघांच्या अंगावर. मशीनला पास दिसतो, माणूस दिसत नाही, ते बिचारं हिरवा दिवा लावतं. पण जॅकेट मापाने दिलेलं असतं. बोटं बाहीत बुडालेली दिसली किंवा मनगट उघडं पडलं, की खंडागळ्यांचा हात आडवा.

"खलास. बाही बोलली. व्हा बाजूला."

समोर रशियन असला तरी मराठीतच. आणि तो होतो बाजूला. तो आवाज कुठल्याही भाषेत कळतो.

एका गृहस्थांनी सांगितलं, सकाळपासून खेळून वजन उतरलं, म्हणून जॅकेट ढगळ झालं. खंडागळे म्हणाले, "आन् हाईट?" इथेच वाढलेल्या एका मराठी पोराने "अंकल, चिल" म्हणून बघितलं, तर त्याच्या बापाला कॅफेतून बोलावून आणून रांगेसमोर उभं केलं. बाप मोठ्या बँकेत होता. पुढे तक्रार आली, मॅनेजरने समज दिली. खंडागळे दुसऱ्या दिवशी तेवढेच चिडलेले. हा माणूस डबासुद्धा रागाने खातो. भाकरी मोडताना बघितलंय मी.

एकदा मी म्हटलं, "खंडागळे, एका पासाने कंपनी बुडते का?"

"कंपनी गेली खड्ड्यात. तुम्ही शिकलेल्या हाव म्याडम, तुम्हाला न्हाई कळायचं."

हे मला झोंबलं. शिक्षणावरून मला कुणी बोललेलं मी सहन करत नाही. त्या शिक्षणाची किंमत मी मोजलेली नाही, आईने मोजलीय.

मग आई व्हिजिट व्हिसावर आली. अल मनखूलच्या खोलीत आम्ही चौघी मुली, त्यात ती पाचवी. तिला डोंगर दाखवायचाच होता. तिकीट अडीचशे दिरहॅम. आईने लगेच रुपये केले.

"सहा हजाराचो बर्फ?" म्हणाली आणि मॉलच्या दाराकडे चालायला लागली.

मी भरले असते. ती भरू देईना. स्टाफला महिन्यातून एक पाहुणा फुकट नेता येतो, तो माझा रूममेटवर संपलेला. शेवटी माझं जॅकेट, माझ्या पासासकट, मीच तिच्या अंगावर चढवलं. "मला फुकट असतं, जा." आई माझ्यापेक्षा वीतभर बुटकी.

खिडकीतून मला ऐकू आलं.

"मावशी, जॅकेट कुणाचं?"

"माझ्या लेकीचां," आई अभिमानाने म्हणाली.

मी धावले. त्यांनी आईला रांगेतून बाहेर काढलं होतं. चाळीसेक माणसं बघत होती. बर्फ वाहिलेली माझी आई बर्फाच्या दारात चोरासारखी उभी.

"ती माझी आई आहे," मी म्हटलं.

"मग तर जास्तच." त्यांनी रिपोर्टचं पॅड काढलं आणि माझं नाव लिहिलं.

मी जे बोलले ते इथे लिहिते, कारण बोलले. "नववी नापास माणसाच्या हातात एक दार दिलं की असंच होतं."

"गप गो," आई म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "तुमचां बरोबर असा. पण एवढो राग कित्याक ओ?"

खंडागळे पॅडकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"आधी मी बिल्डिंगच्या साइटवर व्हतो," ते म्हणाले. "मला ताप आल्ता. माझ्या खोलीतल्या दत्ताचा गेटचा पास हरवलेला, दांडी पडली तर त्याला परत धाडणार व्हते. मी माझा दिला. ह्याच हातानं. नवव्या मजल्यावरून पडला तो. पास माझा, म्हणून फोन माझ्या घरी. माझ्या बायकोनं बांगड्या फोडल्या. आन् दत्ताचा मोबाइल खोलीत, चार्जिंगला. त्याच्या बायकोचा फोन आला की मी सांगायचो, कामावर गेलाय. दीड दिवस सांगितलं. मला कुठं ठाऊक, वाटलं डबल ड्युटी लागली असंल."

त्यांनी रिपोर्ट पुरा केला, माझ्याकडून सही घेतली. मग कॉम्प्युटरवर स्वतःचं पाहुण्याचं पान उघडलं. इथल्या नोकरीच्या नऊ वर्षांत त्यात एकही नाव नव्हतं. "बायको म्हणती, त्या देशात पाय ठेवायची न्हाई," ते म्हणाले, कुणी विचारलं नसताना.

"मावशी, पूर्ण नाव सांगा."

आईने सांगितलं.

"वर काही झालं तर फोन कुणाला करायचा?"

आईने माझ्याकडे बोट केलं. त्यांनी नंबर लिहिला, एकेक आकडा माझ्याकडून दोनदा वदवून घेतला, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या फाइलमध्ये आहे. आणि दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी माझी आई, जयवंती शिवराम तांडेल, स्वतःच्या नावाच्या पासवर लिफ्टने वर गेली.