गेणूभाऊंची बस आणि नानांची बराक

गेणू तिटकारे या माणसावर अन्याय झाला तो २००१ सालच्या चैत्रात, कांदे साठवायच्या दिवसांत, एका मंगळवारी भर दुपारी, आमच्या गावच्या वेशीत. करणारे आम्ही. म्हणजे गाव. तो होत असताना गेणूभाऊ काय करत होते? लाटण्याला जागा शोधत होते. प्रवाशांनी धरायचा जो पोकळ पाइप बसच्या छताखाली असतो, त्याच्या कापलेल्या टोकातून त्यांनी लाटणं आत सरकवलं आणि बस अडवून उभ्या असलेल्या गावाला म्हणाले, "बसलं बघा. जागा असतीच, राव. बघायला पायजे."

हे त्यांचं पालुपद. त्यांचं गाव वर आंबेगावच्या डोंगरात, धरणाच्या पाण्याखाली गेलं. मोबदल्याच्या पैशांत त्यांनी एका कंपनीनं भंगारात काढलेली मिनीबस घेतली. सरकार प्लॉट दाखवील तिथं संसार न्यायचा, एवढाच विचार. प्लॉट आज या गावात निघे, उद्या त्या गावात. मग संसार बसमध्येच राहिला आणि वाढत गेला. शिटांखाली तांदळाचे डबे. पायरीची फळी उचलली की आत चपला. छताला कांद्याच्या जाळीच्या गोण्या ताणून त्यात अंथरुणं. टूलबॉक्सला भोकं पाडून आत कोंबडी. इंजिनाच्या गरम झाकणावर विरजणाचं भांडं, मुक्कामाला पोचेपर्यंत दही लागलेलं. "घाट लागला तर ताक व्हतं," हे ते अगदी गंभीरपणे सांगत.

चतुर्थीला बस ओझरला. त्यात भक्ती थोडी. भाविकांच्या गाड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या बसला कोणी हुसकावत नाही, हे खरं कारण. एकदा मुंबईची दोन कुटुंबं सरळ आत येऊन बसली आणि लेण्याद्रीचं भाडं विचारू लागली. गेणूभाऊंनी त्यांना चहा पाजला. म्हणाले, "ह्ये घर हाय. पायताणं तेवढी पायरीत ठिवा."

शेवटी प्लॉट निघाला आमच्या गावात. त्यावर आधीपासून माझ्या चुलत्यांची, नानांची, कांदा साठवायची बराक उभी होती. बांबूची, लांबलचक, गळ्यापर्यंत भरलेली. नाना वेशीत आले आणि गोड आवाजात म्हणाले, "पावणं, कांदा हलवता येत न्हाई. हलवला की सडतो. माणसाचं तसं नसतं."

गावानं माना डोलावल्या. गेणूभाऊ बराकीला एक फेरी मारून आले, वाकून आत पाहिलं.

"लई पसरून ठिवलाय. मी लावून देतो. निम्म्यात बसंल."

"कांद्याला हवा लागती, पावणं."

माणसाला लागते का, हे त्या दुपारी कोणी विचारलं नाही. ज्या पाण्याखाली गेणूभाऊंचं घर आहे, त्याच पाण्यावर नानांचा कांदा पोसतो. बस तेव्हापासून त्याच धरणाच्या कालव्याच्या कडेला उभी आहे.

मी त्यांना घेऊन पुनर्वसनाच्या कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, प्लॉट तुमचाच, ताबा गावाकडून घ्या, दुसरी जागा नाही. गेणूभाऊंचं लक्ष साहेबांकडे नव्हतंच. ते कपाटाकडे बघत होते. "दम धरा जरा," म्हणत ते उठले, आडवे पडलेले गठ्ठे उभे लावले, आणि दोन खण रिकामे करून दिले. मग भिंतीवरच्या नकाशावर हात ठेवून म्हणाले, "आता ह्यो तालुका एक दिस माझ्या ताब्यात द्या, साहेब."

साहेब हसले. शिपाई हसला. मी चळवळीची पत्रकं वाटणारा माणूस, मला हसू येत नाही.

परवा बसमध्ये गेलो तेव्हा ते स्टोवर भाकरी टाकत होते. माणूस ताडमाड उंच आणि ओटा जेमतेम मांडीला लागणारा. पाठीचं धनुष्य झालेलं. मी चिडवलं, "भाऊ, सगळ्या बसमध्ये एवढं एकच माप चुकलं तुमचं. कंबर जाईल."

"चुकलं न्हाई. पारूच्या मापानं केलाय."

पारूबाई त्यांच्या मंडळी. त्या वर डोंगरात भावाकडे राहतात. चाकावर नांदणार नाही, भुई मिळाली की येईन, असा त्यांचा निरोप आहे.

"बुटकी हाय ती," गेणूभाऊ भाकरी उलटत म्हणाले. "आल्यावर तिला हात ताणाय नको. आन ओटा खिळ्यानं ठोकलेला न्हाई बरं का. चार नटावर हाय. सोडला की घरात न्यायचा."

मी खाली वाकून पाहिलं. ओटा, मांडणी, डब्यांच्या चौकटी, काहीच ठोकलेलं नव्हतं. सगळं नटांवर. आणि एकही नट गंजलेला नव्हता. प्रत्येकाला ताजं तेल दिलेलं होतं.

नानांचा तो कांदा दिवाळीआधीच विकला गेला. बराक आज रिकामी आहे आणि नवा कांदा निघेपर्यंत रिकामीच राहील. येत्या ग्रामसभेत मी प्लॉट मोकळा करायचा ठराव मांडणार आहे. नाना मला तोंड उघडायच्या आत खाली बसवायला बघतील. तुम्ही या गावचे असाल तर ठरावाला हात वर करा. गावचे नसाल, पण शेताला याच कालव्याचं पाणी घेत असाल, तर येऊन माझ्या मागं उभे राहा. हळहळ घरी ठेवा आणि येताना पहार आणा. बराक त्याच दिवशी काढायची आहे.