तात्या तांडेलाचं गाऱ्हाणं

बँकेत शिरल्यावर लोक टोकन घेतात. आमचे तात्या चपला दाराबाहेर काढतात, टोपी काखेत धरतात, थेट मॅनेजरच्या काचेसमोर उभे राहतात आणि हात जोडून खड्या आवाजात सुरू करतात, "बा मॅनेजर म्हाराजाऽ..."

त्यावर रांगेतली निम्मी माणसं, हातात पासबुकं धरून, सवयीनं म्हणतात, "व्हय म्हाराजा."

"आज हा लेकरू तुझ्या दारात उभा हाय म्हाराजा. यानं हितं एफडी ठेवायला पैसे आणले, नि तुझ्या माणसांनी त्याची पॉलिशी केली म्हाराजा. पैसे मिळणार पंचाहत्तरीला. तवर याला जेवायला कोण घालणार, ता कागदावर लिवलेला नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तरी जी काय चूकभूल झाली असंल ती दुरुस्त कर, याची ठेव याच्या पदरात टाक, नि हितल्या समद्या कारकुनांस, शिपायास, वाचमनास, त्यांच्या पोराबाळांस सुखी ठेव म्हाराजा."

या शेवटच्या वाक्याला सगळ्यात मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हणतो तो वॉचमन. त्याला दोन मुलं आहेत.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे देवापुढे नुसते हात जोडून भागत नाही. कोण आलाय, कुठल्या वाडीचा, अडचण काय, पाहिजे काय, हे सगळं त्याला उलगडून सांगावं लागतं. एक जण सांगतो, बाकीचे हुंकार भरतात. याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात, आणि मालगुंडच्या पुढच्या आमच्या वाडीत त्याचा मान तात्यांच्या घराकडे आहे. तात्या जन्मभर मच्छीमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. समुद्रावर ओरडून बोलायचं आणि शिमग्याला देवापुढे. मधला आवाज त्यांच्याजवळ नाहीच. त्यामुळे एसटी वेळेवर येईना की कंट्रोलरच्या खिडकीपुढे गाऱ्हाणं, विजेचं बिल जास्त आलं की वीज कार्यालयात गाऱ्हाणं. वायरमन म्हणतो, "तात्या, देवाला दिसतंय तसं मला मीटरमधलं दिसत नाय हो." पण येऊन बघून जातो.

गाऱ्हाण्याचा तात्यांचा एक नियम आहे. त्यात कुणाचं वाईट मागायचं नाही. एकदा त्यांचं जाळं कुणीतरी रात्री कापून नेलं. कुणी नेलं ते वाडीला माहीत होतं. तो माणूसही शिमग्याला मांडावर, म्हणजे वाडी देवापुढे जमते तिथं, मागे उभा होता. तात्या म्हणाले, "ज्या कुणी ता नेलान, त्याला स्वताचं जाळं घ्यायची ऐपत दे म्हाराजा." तो माणूस त्यावर हुंकार भरायचा विसरला. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, तेव्हा भरला.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मीच, आणि रत्नागिरीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगते, त्यामुळे तात्यांना ठाऊक होतंच. एका रविवारी ते अंगणात आले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून पॉलिसी काढून माझ्यापुढे ठेवली.

"वाच गो बाय. मला सांगितलान एफडीसारखीच हाय, फक्त जरा बरी."

मी वाचली. काकी, म्हणजे तात्यांची बायको, आजारी पडल्या तेव्हा तात्यांनी बोटीतली भागी विकली होती. औषधपाणी भागवून उरलेले पैसे घेऊन ते बँकेत गेले, आणि बँकेनं घरी माणूस पाठवून त्यांना दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी दिली. पहिल्याच हप्त्यात सगळे पैसे गेले. आता दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली होती.

"म्हणजे मासळी यांच्या टोपलीत मी टाकली," तात्या म्हणाले, "नि हे बोलतायत, उद्याची पण टाक, नायतर आजची बुडाली?"

"अगदी तसंच."

"बंदरावर असा व्यापारी एक दिवस टिकणार नाय. नि मी मेलो तर?"

"तर पैसे वारसाला. इथं काकींचं नाव आहे."

"ती तर पुढं गेली." तात्यांनी टोपी सारखी केली. "बघ म्हणजे. जगलो तरी नाय, मेलो तरी नाय. चांगली पॉलिशी हाय."

ते हसत होते, पण मला दिसत होतं ते वेगळं. त्यांना मूलबाळ नाही. त्या पैशांच्या व्याजावर म्हातारपण काढायचं, असा त्यांचा हिशोब होता. ते अडकले म्हणून तात्या आता दुसऱ्यांच्या बोटींची जाळी शिवायला रोजावर जात होते. ज्या खलाशांना त्यांनी शिकवलं, तेच आता त्यांना "तात्या, चहा घ्या" म्हणून दुपारी सावलीत बसवायचे.

मी तक्रार लिहायला घेतली. कुणाला भेटले, काय सांगितलं, काय लपवलं, सगळं लिहिलं आणि विकणाऱ्या बाईचं नाव घातलं. श्वेता मॅडम. पॉलिसीच्या कागदांवर होतंच ते.

"ता खोड," तात्या म्हणाले.

"अहो तात्या, तक्रार आहे ही. कुणी फसवलं ते नको का?"

"पैसे पायजेत ता लिव. तिचं कशाला? नि तुझ्या लिवण्यात शेवट नाय. समद्यांना सुखी ठेव, ता कुठं हाय?"

"असं अर्जात नसतं."

"कालेजात शिकवलान नाय वाटतं."

मला राग आला. मी वाद घातला, तात्या ओटीवर बसून राहिले. आई चहा देऊन गेली, दुसऱ्यांदा देऊन गेली, तरी उठेनात. अखेर मी नाव खोडलं आणि तळाला लिहिलं, "आपल्या कार्यालयातील सर्वांस शुभेच्छा." असा तक्रार अर्ज त्या बँकेला त्याआधी गेला नसावा.

अर्ज गेले, उत्तरं आली. सही तुमचीच आहे, मुदतीत तक्रार केली नाही, क्षमस्व. आम्ही पुन्हा लिहिलं, तात्यांनी पुन्हा काचेपुढे गाऱ्हाणं घातलं, आणि एक दिवस निरोप आला की वरच्या ऑफिसातून साहेब येतायत, तात्यांना बोलावलंय. मी अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले.

साहेब घाटावरचे होते. चांगले बोलले. "बसा की काका. तुमचं काम झालंय समजा. एवढ्यावर सही करा, पंधरवड्यात पैसे खात्यात."

मी कागद तात्यांना वाचून दाखवला. श्वेता मॅडमनी स्वतःच्या फायद्यासाठी खोटी माहिती देऊन माझी फसवणूक केली, यात बँकेचा काही संबंध नाही, असं त्यात होतं. पैसे मात्र खरंच पूर्ण परत मिळणार होते. मी पेन तात्यांच्या हातात दिलं.

तात्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही. साध्या आवाजात विचारलं, म्हणजे मधला आवाज त्यांच्याजवळ होता. "ती पोर कुठं हाय आता?"

"घरी बसवलीय. चौकशी चाललीय की तिची."

"नि मी सही केली की?"

"मग काय, कायमची घरी."

"तिच्याबरोबर एक टायवाला यायचा. बाहेर गाडीत बसून तिला फोन करायचा, आज झालाच पायजे म्हणून. त्याचं नाव नाय यात."

"ते बदलून गेले काका. त्यांचं काय आता."

"तो गेला. बँक तर हाय ना हितं?" तात्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "बोट खडकावर गेली तर लोक तांडेलाला विचारतात सायेब. खलाशाला नाय."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी शिकलेली, मी समजावीन, अशी त्यांची अपेक्षा होती. मला समजवायचंही होतं. पण तात्या उठले होते.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना बोलले. जरा जास्तच बोलले. "पैसे हातात आले होते तात्या. ती तुमची कोण लागते? तिनं तुमच्या म्हातारपणाचे पैसे घालवले. खोटं बोलली ना ती?"

"बोल्ली."

"मग?"

तात्यांनी चहा बशीत ओतून निवू दिला.

"ही, तुझी काकी, पडून व्हती तवाची गोष्ट. आजारी माणसाकडं लोक पयल्यांदा येतात, मंग येत नायत. त्यांना पण कामं असतात. ही पोर यायची. पॉलिशीसाठीच यायची, मला कळत नव्हता काय? पण आली की आधी हिच्या खाटेवर बसायची. हिचे केस विंचरायची. हिला म्हणायची, काकी, तुमच्या हातची सुकटीची चटणी खायचीय, लवकर उठा. त्या दिवशी ही दोन घास जास्त जेवायची."

"आणि तुम्ही सही केलीत."

"मी कुठं लगेच केली? आज चष्मा नाय, उद्या आधार कार्ड सापडत नाय. सही झाली की तिचं येणं बंद, ता माहीत व्हता मला." ते बशीकडे बघत होते. "शेवटी हीच बोल्ली, पोरीला वरनं ओरडतात हो, टाका सही. म्हणून टाकली."

मी टपरीवाल्याला अजून एक चहा सांगितला.

"नि सही झाल्यावर पण आली व्हती एकदा. ही गेली तवा. कागद नव्हता हातात. मागच्या पडवीत बसून रडली नि गेली."

आता बँकेच्या विरोधात विमा लोकपालाकडे अर्ज जाईल. तो मी लिहिते आहे, त्यात बँकेचं नाव आहे आणि कुठल्याही पोरीचं नाही. निकाल लागेपर्यंत तात्या जाळी शिवतील. साहेबांनी पुन्हा फोन केला होता, कागद अजून तयार आहे म्हणून. तात्या म्हणाले, ठेवा तुमच्याकडंच.

त्या दिवशी मात्र टपरीवरून उठता उठता त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "तुझ्या हापिसात कोण पायजे काय गो? चांगली बोलते ती. गिऱ्हाईक तोडत नाय."

"विचारून बघते."

"बघ. रत्नागिरीतच कुठंतरी लागली म्हणजे बरं. मालगुंडची गाडी हाय संध्याकाळची. कधी रविवारचं मनात आलं तर येईल वाडीत."

मी सोमवारी आमच्या ऑफिसातल्या साहेबांना विचारलं.