तिसऱ्या काठीची मोहीम

प्रथम तळ्यास नमन, मग तळ्यांतील लहानथोर माशांस नमन. राजश्री घड्याळजी यांणीं गळाची हलकी काठी कैशी निवडिली, कैशी राखिली, आणि त्या काठीपायीं रविवारचें राज्य बुडतां बुडतां कैसें वांचलें, तो मजकूर यथामति लिहिला असे. लिहिणारा मजलसींत बसणारा नव्हे, दाराआड उभा राहून ऐकणारा. सबब कमजास्त जाहलें असल्यास वाचणारांनीं पदरांत घ्यावें.

घड्याळजी आठवडाभर आपल्या दुकानांत बसून लोकांचीं घड्याळें दुरुस्त करीत, आणि भिंतीवरलीं, मनगटावरलीं, खिशांतलीं ऐशीं सर्व घड्याळें त्यांचे कानाशीं टिकटिक करीत. रविवारीं मात्र ते मेहुण्यांसमवेत तळ्यावर कूच करीत आणि पाण्यावर तरंगणाऱ्या तांबड्या बुचाकडे पाहत बसत. तेथें टिकटिक नाहीं, घाई नाहीं, कोणी "झालं का?" म्हणोन पुसत नाहीं. एवढीच काय ती त्यांची दौलत. परंतु पूर्वीं दोन काठ्या कामीं आल्या होत्या. पहिली घरांतच छताच्या पंख्यांत सांपडून पडली. दुसरी मेहुण्यांच्या मोटारीच्या दारांत चिरडली. दोघींचा वध करणारांत मासा एकही नव्हता.

हें वर्तमान घड्याळजींचे कुटुंबास, म्हणजे ज्यांस घरांत सर्वजण सरकार म्हणत त्यांस, बहुत झोंबलें. मग भर स्वयंपाकघरांत फर्मान निघालें कीं, "अहो, ही तिसरी आणि शेवटची. हीपण मोडलीत तर रविवारी सकाळी माझ्याबरोबर माळे आवरायचे. सगळे माळे."

मेहुण्यांनीं धीर करून अर्ज केला कीं, "ताई, माळ्यावर आहे तरी काय एवढं?"

"तुझं लग्नाआधीचं सामान आहे," ऐसा जबाब आला, आणि मेहुणे तत्काळ तटस्थ जाहले.

मग उभयतां गळ-काठ्यांच्या दुकानीं दाखल जाहले. मेहुण्यांची मसलत मजबुतीची. त्यांणीं एक जाडजूड काठी पुढें केली आणि म्हणाले, "दाजी, हीच घ्या. हिच्यावरून ट्रक गेला तर ट्रक पंक्चर होईल!" घड्याळजींनीं ती एका हातें पुढें धरिली, तों त्यांचे दुखऱ्या उजव्या खांद्यानें ऐसी कळ मारिली कीं काठी दुकानदारावर कलली आणि दुकानदार स्टुलावरून उतरला. मग दुसरी आणविली. ती इतकी हलकी कीं हातांत आहे कीं दुकानदारानें परत घेतली, हें खालीं पाहून खातरजमा करावी लागली. खांदा खूश, परंतु मन साशंक: जी जाणवत नाहीं ती टिकेल कैसी? घड्याळजींनीं डोळ्यास भिंग लाविलें, एकेक पेर न्याहाळलें, आणि टोंक वांकवून पाहूं लागले.

दुकानदारानें हात जोडिले. "काका, टोक हातानं वाकवू नका हो. आणि मासा लागला की सरळ वर उपटायचा नाही. जाळीत घ्यायचा. मग म्हातारी होईपर्यंत टिकेल."

"कोण म्हातारी?" मेहुणे पुसते जाहले. "ताईसमोर असं बोलू नका."

मग पेरांत पेर सरकणारी ती काठी फुटपाथावर पूर्ण लांबवून पाहिली, तों एक सायकलस्वार मान खालीं घालून निसटला आणि ओरडला कीं, "आजोबा, मला पकडताय का?" ऐसें जाहलियावर घड्याळजींनीं निश्चय केला आणि हलकीच काठी घेतली.

घरीं येतांच पंखा बंद करविला. मोटारींत काठीस पुढील आसन आणि पट्टा मिळाला. घड्याळजी मागें, मांडीवर डबा घेऊन. इतकी खबरदारी घेतली, परंतु हाताची संवय हुकूम मानीत नाहीं. निघण्यापूर्वीं घड्याळजींनीं आपल्या धंद्याच्या रीतीनें प्रत्येक सांध्यांत घड्याळाच्या तेलाचा थेंब सोडिला आणि बहुत संतोष पावले. आतां ऐसी काठी सांध्यांच्या घट्ट घर्षणावरच उभी राहते. तेथें तेल म्हणजे फितुरी. हें दुकानदारानें सांगितलें नाहीं, कारण ऐसें कोणी करील हें त्याच्या स्वप्नींही नव्हतें.

तळ्यावर मोर्चा लागला, बूच सोडिलें, आणि मग एकाएकीं बूच गडप! घड्याळजींस वीरश्री चढली, सर्व उपदेश पाण्यांत गेला, आणि काठी सरळ आभाळाकडे उपटिली. टोंक वांकलें आणि उलटें पाण्याकडे पाहूं लागलें.

"दाजी, उपटू नका! मोडेल! अहो, जाळी आणतो ना!" मेहुणे पायांत चप्पल उलटी घालून धांवले.

आणि मग, आतां मोडते ऐशा घडीस, काठी सर्रकन आपल्याच पोटांत शिरली. पेरामागें पेर आंत गेलें आणि घड्याळजींचे मुठींत मूठभर दांडा राहिला.

"गेली! दाजी, माळे!"

घड्याळजींनीं दांडा काखेंत मारिला, दोरी बोटांत धरिली, आणि केसाहून बारीक स्प्रिंगा बसविणाऱ्या त्या बोटांनीं माशास ओढ न देतां, सैल न सोडितां, कांठापर्यंत आणिलें. मेहुण्यांनीं जाळी घातली. मासा तळहाताएवढा, मेहुण्यांच्या जबानीप्रमाणें मेहुण्यांएवढा. त्यास मानानें पाण्यांत परत रवाना केलें.

मग घरीं परततांच चौकशी भरली. सरकारांनीं अंगणांत उभें राहून दांड्यांतून एकेक पेर ओढून काढिलें, पुसलें, उजेडांत धरिलें. शेवटीं टोंक निघालें, अखंड आणि तेलानें चमकणारें.

"मोडली नाहीये," निवाडा जाहला. "घाबरली आहे नुसती."

मग सरकारांनीं काठी पुसून कोरडी केली, लांबविली, एकवार हवेंत फिरविली, पुनः फिरविली, आणि वदल्या कीं, "किती हलकी आहे हो! हातात काही धरलंय असं वाटतच नाही. ही माझी. तुम्ही दुसरी बघा."

येणेंप्रमाणें काठी न मोडितां मोहीम फत्ते जाहली, रविवार कायम राहिला, माळे जैसे होते तैसेच धुळींत राहिले. काठी मात्र सरकारजमा जाहली. पुढील रविवारीं विजयी वीर जाळी धरून गुडघाभर पाण्यांत उभे होते, आणि कांठावरून हुकूम येत होता कीं, "अहो, हलू नका. मासे बिचकतात." घड्याळजी हलले नाहींत. बहुत सुखांत होते, ऐसें मेहुणे सांगतात.