गाडीचा पाय निघेना

"राजूरचा घाट? अहो, वीस मिनटात चढते ते! तुमी वरतं घड्याळ घिऊन उभेच राहा!" असं शालिग्राम बुलढाण्याच्या नारायणराव वकिलांना सांगून बसला होता. गाडीला ब्रेक होते, त्याच्या जिभेला नव्हते.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती आणि रोहिणखेडात मोटार अजून एकच होती, शालिग्रामची. पोटी मूलबाळ नव्हतं, म्हणून त्याच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, त्या काळ्या मोटारीचं नाव चंपा ठेवून तिला लेकीसारखं सांभाळलं होतं. पण आता शालिग्रामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गाडी विकणं भाग होतं. गिऱ्हाइकं दोनच! एक मिरचीचा व्यापारी, तो चंपावर पोती लादणार. दुसरे नारायणराव, ते तिला छपराखाली ठेवणार, रोज पुसणार. त्यांची अट एकच, गाडीनं त्यांच्यादेखत घाट चढायचा. नाही चढली तर चंपाच्या नशिबी मिरच्या!

ठरल्या दिवशी सकाळी शालिग्राम आंघोळ करून बाहेर आला. त्यानं अंदाजानंच चाकं पाहिली, अंदाजानंच आत बसला आणि निघाला. वेशीजवळच्या खड्ड्यात गाडी आदळली, आणि तिथून जी मंदावली! रेसचं पेडल दाबून दाबून तळाला टेकलं, तरी चंपा आपली कण्हत कण्हत चाललेली.

"चाल वं चंपे! आजच काऊन अशी करून राह्यली?"

मोताळ्यात उकंडराव मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. प्लग पुसले, कार्बोरेटर फुंकला, पेट्रोल हुंगलं. मग बोटानं आतली रेसची तार ओढली, तर चंपानं अशी डरकाळी फोडली की शेजारच्या हॉटेलातलं गिऱ्हाईक भजी टाकून पळालं!

"बरोबर तं हाय!" उकंडराव म्हणाला.

शालिग्रामनं आत बसून पाय दिला. चंपा पुन्हा कण्हू लागली.

"उतरा. मले बसून पाहू द्या."

"माह्या जागेवर बारा वर्सात कोणी बसलं नाही, न बसन बी नाही!"

उकंडरावनं हात पुसले. "मंग बिमारी इंजनात नाही, शालिग्रामभाऊ. तिच्या मनात हाय!"

तो थट्टेनं बोलला, पण शालिग्रामच्या काळजात ते रुतलं. पोरीला जायचंच नाहीये!

घाटात तर हद्दच झाली. मागून डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली म्हातारी चांगुणा आली आणि चंपाच्या पुढे निघून गेली. पुढे जाऊन थांबली, मोळी उतरवली आणि गाडीला हात जोडले.

"कोन गेलं, बापू?"

"कोणी नाही गेलं!"

"मंग इतकी हळू काऊन?"

शालिग्रामला खरोखर रडू आलं. "चंपे, मिरच्याच्या पोत्याखाली मरशीन वं!" तो स्टिअरिंगला कपाळ टेकून म्हणाला.

वर पोचायला दोन तास लागले. नारायणराव झाडाखाली घड्याळ धरून उभे होते, आणि त्यांचा चेहरा खटला हरल्यासारखा झाला होता.

"वीस मिनिटं म्हणालात ना?"

"तिची मर्जी नाही, सायेब."

"मर्जी? सरका तिकडे, मी बघतो."

शालिग्रामच्या डोळ्यांपुढे पोती आली. तो मुकाट्यानं डावीकडे सरकला. नारायणरावांनी पाय दिला, मग कपाळाला आठ्या घालून खाली वाकले आणि पेडलखालून एक हिरवं गाठोडं ओढून काढलं. खण, तांदूळ, हळकुंड आणि चांगला मोठा नारळ!

शालिग्राम आंघोळीला गेला तेव्हा मंजुळाबाईनं चंपाची ओटी भरली होती. लेक सासरी निघालेली, रिकाम्या ओटीनं कशी धाडायची? मोटारीला मांडी नाही, म्हणून ओटी सीटच्या पुढ्यात खाली ठेवली. वेशीच्या खड्ड्यात गाठोडं घरंगळलं, आणि शालिग्रामचं पेडल तळाला नव्हे, नारळाला टेकलं!

नारायणरावांनी पुन्हा पाय दिला आणि चंपा उधळली! बारा वर्षांत ती शालिग्रामसाठी अशी धावली नव्हती. परक्याच्या पहिल्याच पायाला! त्याला भारी लागलं ते.

"घेतली गाडी," नारायणराव हसत म्हणाले. "हे गाठोडं घेऊन जा."

"नाही, सायेब. तिची ओटी हाय. फक्त पायात नका ठिवू."

एसटीनं तो दिवेलागणीला घरी आला आणि ओसरीवर मटकन बसला. मंजुळाबाईनं पाणी दिलं.

"गेली का नीट?"

"गेली. पण घाटात लय अडली. पाय निंघत नव्हता तिचा."

नारळाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. मंजुळाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "मले ठाऊकच होतं!"

ती तांब्या उचलायला वाकली. तेवढ्यात तिची नजर नवऱ्याच्या उजव्या पायाकडे गेली. तो ओसरीची जमीन जोर लावून दाबत होता.

"आता तं उचला तो पाय," ती म्हणाली. "गाडी गेली."