गुरुबाईंचं एकटीचं जेवण

हुमनाबादला गुरुबाईंचं काम साडेबाराच्या आतच आटोपलं. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उठत नव्हता, म्हणून आधारमध्ये बोटांचे ठसे नव्यानं द्यायचे होते. दिवस मोडणार या अंदाजानं त्या पहाटेच स्वयंपाक उरकून हळ्ळीखेडहून निघाल्या होत्या. केंद्रावर मात्र रांगच नव्हती. बाहेर येऊन त्या पायरीवर उभ्या राहिल्या. घरी संध्याकाळपर्यंत कुणी वाट बघणार नव्हतं आणि सोबत कुणी नव्हतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण अशी दुपार त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती.

घरात अकरा माणसं. सगळ्यांना वाढून झाल्यावर गुरुबाई बसायच्या, तेव्हा भाजी गार आणि फुलके चामट झालेले असायचे. हायवेवरच्या शाकाहारी हॉटेलात त्या दोनदा गेल्या होत्या, दोन्ही वेळा घरच्यांबरोबर. पहिल्यांदा नातीला भरवण्यात वेळ गेला. दुसऱ्यांदा थोरल्या जावेच्या ताटातलं तिखट आपल्या ताटात आणि आपल्या ताटातलं दही तिच्या ताटात करता करता हात धुवायची वेळ आली. आज त्यांनी ठरवलं की त्याच हॉटेलात जायचं, एकटीनं बसायचं आणि तव्यावरचा फुगलेला फुलका कुणाला न विचारता खायचा.

हॉटेलात नागेश नावाचा वेटर होता. पंचेचाळिशीचा, वीस वर्षं हेच काम केलेला. दोनच दिवसांपूर्वी एका पार्टीतली निम्मी माणसं यायच्या आतच त्यानं जेवण लावलं होतं. ते गार झालं आणि मालकानं गिऱ्हाइकांसमोर त्याला झापलं. तेव्हापासून सगळी माणसं आल्याशिवाय ताट लावायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

"किती जणं, अक्का?" त्यानं विचारलं.

"मी एकलीच आले."

"कुठून आलात?"

"हळ्ळीखेडहून."

नागेशचा चेहरा उजळला. गल्ल्यामागच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'हळ्ळीखेड, आठ जण, एक वाजता'. हळ्ळीखेडं दोन आहेत, एक बी आणि एक के, हे त्याला माहीत होतं, गुरुबाईंनाही माहीत होतं. पण त्या वेळी कोणतं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही आणि सांगायचं त्यांना. गुरुबाई बीच्या होत्या. टेबल सांगून ठेवलं होतं केच्या लोकांनी.

त्यानं त्यांना आदबीनं फॅमिली रूममध्ये नेलं आणि आठ खुर्च्यांच्या टेबलावर बसवलं. गुरुबाई म्हणाल्या की मला एवढं मोठं टेबल कशाला. तो म्हणाला, सगळं ठरल्याप्रमाणं हाय, तुम्ही निवांत बसा. त्यानं पाण्याचे आठ पेले भरले. गुरुबाईंना वाटलं, उन्हाचे दिवस आहेत, मोठ्या हॉटेलात पाणी असंच देत असतील. त्यांनी दोन फुलके, भरलं वांगं, शेंगाची चटणी आणि ताक सांगितलं.

"आणतो. पर सगळे आल्यावर. गार जेवण मी कुणाला देत न्हाई."

"सगळे म्हंजे कोण?"

"ते तुम्हालाच ठाऊक की, अक्का," असं म्हणून तो गेला.

गुरुबाई विचारात पडल्या. सगळे म्हणजे कोण असतील, हे त्यांनी खरोखरच आठवून बघितलं. आपण कुणाला यायला सांगितलं होतं का? धाकट्या बहिणीला? ती तर उदगीरला. वीस मिनिटांत त्या तीन पेले पाणी प्यायल्या. मधे एकदा नागेशला बोलावून त्या म्हणाल्या की कुणी यायचं नाही, मला वाढ. त्यानं एक पापड आणून ठेवला आणि धीर दिला की येतील, रस्त्यात असतील.

आणि खरंच चारजण आले. करजगीच्या हेमावती, त्यांचा मुलगा सिद्धेश्वर, भाऊ मडिवाळप्पा आणि भावजय. हळ्ळीखेडच्या लोकांचं टेबल कुठलं, असं त्यांनी दारातच विचारलं, तसं नागेशनं त्यांना थेट गुरुबाईंच्या टेबलाशी आणलं आणि सांगितलं, अक्का कवाच्या वाट बघायलेत. गुरुबाईंना वाटलं, दुसरीकडं जागा नसेल. त्या सरकून बसल्या. हेमावतींनी हात जोडून लिंगायतांच्या रीतीनं "शरणु शरणार्थी" म्हटलं, गुरुबाईंनीही म्हटलं. माणसं आपल्यातलीच निघाली म्हणून त्यांना बरं वाटलं.

"बाकीचे न्हाई आले?" हेमावतींनी विचारलं.

"घरीच हायत. मी एकलीच आले."

करजगीच्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं. मुलीकडच्यांनी एकट्या बाईला पुढं पाठवलं, याचा अर्थ ही बाई घरात वजनाची असणार, असं मडिवाळप्पांनी डोळ्यांनीच बहिणीला सांगितलं. हेमावतींनी आवाज खाली आणला.

"आणि पोरगी?"

पोरगी म्हणजे नात, दुसरी कोण असणार? गुरुबाईंना अनोळखी बाईच्या या चौकशीचं जरा नवल वाटलं, पण विचारलंय तर सांगावं. "शाळेला गेलीया. पेपर चालू हायत."

हे करजगीकरांना पटलं, कारण बघायला आले होते ती मुलगी शाळेत शिक्षिका आहे हे त्यांना माहीत होतं. मग स्वयंपाकाचा विषय निघाला. गुरुबाईंनी सरळ सांगून टाकलं की तिला अजून चहाही येत नाही, रागीट आहे, रात्री झोपताना कुणीतरी गोष्ट सांगावी लागते, पण गणितात फार हुशार आहे. हेमावतींनी समोरचा पाण्याचा पेला एका दमात संपवला. मडिवाळप्पांना मात्र भरून आलं. आपल्या मुलीचं असं खरं खरं सांगणारी माणसं त्यांनी चाळीस वर्षांत बघितली नव्हती, असं त्यांनी देवाच्या नावानं शपथ घेऊन सांगितलं.

तेवढ्यात हळ्ळीखेड (के)चे लोक आले. चनमल्लप्पा, त्यांची बायको, एक काका, आणि मागे मुलगी सौम्या. वाटेत टायर बसलं आणि सौम्याला शाळेतून परस्पर घ्यावं लागलं, म्हणून उशीर झाल्याबद्दल चनमल्लप्पांनी माफी मागितली. ती त्यांनी गुरुबाईंकडं बघून मागितली, कारण करजगीच्या माणसांमध्ये वयानं मोठ्या त्याच दिसत होत्या. नागेशनं नववी खुर्ची आणून लावली आणि फळ्यावरच्या आठाकडं जाता जाता संशयानं बघितलं.

आता गुरुबाईंच्या ध्यानात आलं. मुलीची नजर खाली, मुलाच्या कपाळावर घाम, दोन्हीकडची वडीलधारी माणसं नको तितकी हसतायत. इथं मुलगी दाखवायचा कार्यक्रम चालू होता आणि आपण मधे बसलो होतो. त्या पिशवी घेऊन उठायला लागल्या, तसे चनमल्लप्पा हात जोडून उभे राहिले.

"अक्का, तुम्ही उठू नका."

"अवो, मी तुमच्यातली न्हाई."

"आजपासून आमच्यातल्याच की," चनमल्लप्पा म्हणाले आणि दोन्ही बाजू मनापासून हसल्या. गुरुबाई परत बसल्या. पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली.

जेवण आलं. नागेशनं शब्द पाळला होता, सगळं वाफाळतं होतं. सौम्याच्या आईनं तिला कोपरानं खूण केली, तशी ती उठून एकेकाच्या ताटात फुलका वाढत फिरू लागली. पहिला फुलका तिनं गुरुबाईंच्या ताटात घातला. तो टम्म फुगलेला होता. गुरुबाईंनी त्याला बोट लावलं, त्यातून वाफ निघाली, आणि त्यांनी वर बघितलं. मुलगी सगळ्यांना वाढत होती. तिच्या स्वतःच्या ताटात एक लिंबाची फोड होती, बाकी काही नव्हतं.

"बस खाली," गुरुबाई म्हणाल्या. "गरम हाय तवर खा. वाढायला हाटेलवाल्यानं माणूस ठेवलाय." आणि आपल्या ताटातला फुलका उचलून त्यांनी तिच्या ताटात ठेवला.

मग चनमल्लप्पांनी उपरण्यानं डोळे टिपले. त्यांची थोरली मुलगी सासरी सगळ्यांच्या शेवटी जेवते, हे त्यांना फार दिवस सलत होतं. या घरात सुनेला आधी बसवतात हे आज डोळ्यांनी बघितलं, आता आणखी काही बघायचं नाही, आमच्याकडून होकार, असं ते म्हणाले. करजगीकरांना होकार इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं, तेही खूश झाले.

आतापर्यंत गुरुबाई नुसत्या गोंधळलेल्या होत्या, आता त्यांना भीती वाटली. एक मुलगी त्यांच्या भरवशावर एका घरात जायला निघाली होती आणि त्या घराचा उंबरा त्यांनी बघितलेला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात नागेश त्यांच्या आणि चनमल्लप्पांच्या मधे वाकून दही हवं का म्हणून विचारू लागला. तो बाजूला होईपर्यंत सिद्धेश्वर आणि सौम्याला बोलायला म्हणून हॉटेलमागच्या कडुलिंबाखाली पाठवलं गेलं होतं. गुरुबाई हात धुवायचं निमित्त करून त्यांच्या मागोमाग गेल्या.

दोघं बाकावर बसून हसत होती. सौम्याला तर बोलताच येत नव्हतं.

"पोरी, मी करजगीची न्हाई," गुरुबाई एका दमात म्हणाल्या.

"ठाऊक हाय," सौम्या म्हणाली. "आत्ताच कळालं."

झालं होतं असं. पहिल्यांदा काय बोलावं हे दोघांनाही सुचत नव्हतं. मग सिद्धेश्वर म्हणाला की तुमच्या आत्या मला फार आवडल्या. सौम्या म्हणाली, आमच्या कुठल्या, त्या तुमच्या ना? त्यानंतर दोघांनाही बोलायला काही अडचण आली नाही.

गुरुबाईंना हसू आलं नाही. त्यांनी सिद्धेश्वरला समोर उभं केलं आणि विचारलं, "तुझ्या घरी वाढतं कोण?"

"आई," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आईच शेवटी जेवती. मी कधी बघितलंच न्हाई तिकडं. आज तुम्ही म्हणालात तवा बघितलं."

हे उत्तर चांगलं की वाईट, हे गुरुबाईंना ठरवता येईना. आत जाऊन सगळ्यांना खरं सांगते, एवढंच त्या म्हणाल्या. तो म्हणाला, सांगा, पण आधी जेवा.

आत आल्यावर त्यानं नागेशच्या हातातली फुलक्यांची टोपली घेतली. नागेश ती सोडायला तयार नव्हता, मालक गल्ल्यावरून बघत होता. पण सिद्धेश्वरनं ती घेतलीच. आधी त्यानं गुरुबाईंच्या ताटात फुलका वाढला, मग आईच्या. हेमावती मुलाकडं बघतच राहिल्या. हा पोरगा घरी पाण्याचा पेलाही हातानं घेत नाही, असं त्या भावजयीच्या कानात म्हणाल्या, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. गुरुबाईंनी तीन फुलके खाल्ले. तिन्ही फुगलेले होते. चौथा त्यांनी स्वतः नको म्हटला. मग त्या हात धुऊन आल्या आणि खुर्चीमागं उभ्या राहून बोलल्या.

"मी हळ्ळीखेड बीची. ह्यांची कुणी न्हाई, त्यांचीबी कुणी न्हाई. मी आपली जेवायला आले होते."

मडिवाळप्पांनी हळूच विचारलं, "मग ती पोरगी? चहा न येणारी?"

"माझी नात. तिसरीला हाय."

"मला चहा येतो," सौम्या म्हणाली.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. गेला तासभर दोन्ही बाजू जे बोलल्या ते सगळं गुरुबाईंशी बोलल्या होत्या. पोरं सोडली तर एकमेकांशी त्यांचं अजून एक वाक्यही झालं नव्हतं. करजगीकरांना मुलीकडच्यांचा खरेपणा आवडला होता, तो गुरुबाईंचा. हळ्ळीखेडकरांना मुलाकडच्यांचा मोठेपणा आवडला होता, तोही गुरुबाईंचा. आता होकार धरायचा की सोडायचा, हे कुणालाच कळेना. चनमल्लप्पा छताकडं बघत होते. शेवटी हेमावती उठल्या, टेबलाला वळसा घालून सौम्याच्या आईशेजारी जाऊन बसल्या, हात जोडून पुन्हा पहिल्यापासून "शरणु शरणार्थी" म्हणाल्या, आणि तुम्ही नीट जेवलात का म्हणून विचारलं. गुरुबाईंनी पिशवी उचलली. निघताना दोन्हीकडच्यांनी त्यांचा पत्ता लिहून घेतला.

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगायला सुरुवात कुठून करावी हेच त्यांना कळलं नाही. दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी चनमल्लप्पा जोडीनं येऊन लग्नपत्रिका आणि खणनारळ देऊन गेले, आणि अक्का आमच्या बाजूनं बसणार असं बजावून गेले. दुपारी करजगीहून हेमावती आणि मडिवाळप्पा आले. तीच तारीख, तेच मंगल कार्यालय, पत्रिका वेगळी. अक्का आमच्या बाजूनं, असं त्यांनीही सांगितलं.

गुरुबाईंचे यजमान गुरुबसव दोन्ही वेळा पाहुण्यांसमोर नुसती मान हलवत बसले होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी धरून दोनदा वाचल्या आणि बायकोकडं बघितलं.

"हे लोक आपले कोण?"

"कुणीच न्हाईत," गुरुबाई म्हणाल्या.

"मग तू पोरीकडची का पोराकडची?"

"दोन्हीकडची."

गुरुबसवांनी पत्रिका खाली ठेवल्या.

"आणि मी कुणीकडचा?" त्यांनी विचारलं.

गुरुबाईंनी विचार केला. तुमचं अजून काही ठरलेलं नाही, असं त्या म्हणाल्या.