दर्जा मोजणी कक्षाची किल्ली

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. एक खोली, बारा खुर्च्या आणि त्यातल्या एका खुर्चीवर तुम्ही. समोर टेबल, टेबलामागे कारकून, कारकुनामागे खिळ्याला टांगलेली स्वच्छतागृहाची किल्ली. भिंतीवर फलक: ‘शस्त्रक्रियोत्तर जीवनदर्जा मोजणी कक्ष. समाधानी रुग्ण: शंभर टक्के.’

तुमच्या शेजारचे आजोबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. तीन महिन्यांपूर्वी त्यांची प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. कर्करोग गेला, जाताना लघवीवरचा ताबाही घेऊन गेला. आजोबांनी नेटाने व्यायाम केले आणि सलग अकरा दिवस कोरडे काढले. प्रत्येक दिवसासाठी नातीने घरच्या कॅलेंडरवर एक सूर्य काढला होता. आज बारावा दिवस.

चाळीस प्रश्नांच्या अर्जात एक प्रश्न होता, ‘लघवी रोखताना त्रास होतो का?’ आजोबांनी अभिमानाने ‘नाही’वर खूण केली. मग दोन तास नंबराची वाट पाहून ते टेबलाशी गेले.

“जरा ती किल्ली द्या.”

कारकुनाने अर्ज वाचला. “किल्ली त्रास असणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला त्रास नाही.”

“आता होतोय की.”

“मग ‘हो’ लिहा. पण त्याने आमची टक्केवारी घसरते, म्हणून डॉक्टरांची सही लागते. डॉक्टर सोमवारी येतात.”

“सोमवारपर्यंत थांबू?”

“रोखता येतं ना? तुम्हीच लिहिलंय.”

आजोबा या पायावरून त्या पायावर डुलू लागले. त्यांनी दुरुस्त केलेला एकही लंबक इतका नेमाने हलला नव्हता.

आजोबांसोबत आलेली नात टेबलाशी आली. “काका, सकाळपासून किती चहा झाले?”

“चार.”

“आणि किती वेळा उठलात?”

“एकदाही नाही.” टेबल सोडायचं तर बदली माणूस लागे, आणि तो रजेवर होता.

नातीने बाटलीतलं पाणी पेल्यात ओतायला घेतलं. उंचावरून, बारीक धारेने. दुसऱ्या हातात अर्ज धरून तिने वाचलं, “लघवीची भावना अचानक अनावर होते का? कधीच नाही, क्वचित, का आत्ता?”

कारकुनाने किल्ली ओढली आणि धूम ठोकली. आजोबा त्याच्या पाठोपाठ.

दोघे परतले ते जिवलग मित्रांसारखे. आजोबांनी नातीला हळूच सांगितलं, “सूर्य काढ.”

तिने कक्षाच्याच कॅलेंडरवर दोन काढले, एक काकांचा. मग किल्ली घेऊन ती वळली. मघापासून मांड्या आवळून गंमत बघणाऱ्या तुमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तुमच्या मांडीवरच्या अर्जाकडे बोट दाखवून म्हणाली, “बघू, तुम्ही काय लिहिलंय?”